सांदवाडीतला मांडव आणि मुलीचा हिस्सा

(तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. शरियत किंवा कायदा या विषयांची मी अभ्यासक नाही. पण एका लग्नाची आखणी मी पहिल्या दिवसापासून रुखसतीपर्यंत केली आहे. त्या लग्नाचा हिशेब माझ्याकडे पैशापैशानं लिहिलेला आहे. आज तो हिशेबच तुमच्यापुढे मांडते.

लग्न माझ्या मामेबहिणीचं. गाव बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. तुमसरहून सिहोऱ्याकडून गेलं की बावनथडी नदीच्या काठी हे गाव लागतं. नदीपलीकडे मध्य प्रदेश. नवरा मुलगा पलीकडचा, बालाघाट जिल्ह्यातला. आणि लग्न लागलं मामूंच्या घरामागच्या सांदवाडीत.

तुमच्यातले काहीजण पुण्या-मुंबईकडचे आहेत, म्हणून सांगते. आमच्या झाडीपट्टीत घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. तिकडे परसदार म्हणाल तीच जागा. विहीर तिथंच, तणसाचा ढीग तिथंच, एखादं आंब्याचं झाड, वांगी-मिरचीचे चार वाफे आणि शेळ्या बांधायची दावण. पाहुण्यांना आपण ही जागा सहसा दाखवत नाही. तिथं लग्न करायचं ठरलं तेव्हा घरात आधी भांडणच झालं. ते भांडण कशावरून झालं हे सांगायच्या आधी एक साधा प्रश्न विचारते.

निकाहला लागतं काय?

सुन्नी परंपरेप्रमाणे चार गोष्टी. एका बाजूनं प्रस्ताव, दुसऱ्या बाजूनं कुबुली. दोघांची मोकळी संमती. दोन साक्षीदार. आणि मेहेर. एवढ्यावर निकाह होतो. याला लॉन लागत नाही, स्टेज लागत नाही, डीजे लागत नाही, पाचशे माणसांचं जेवणही लागत नाही. जेवणाचं म्हणाल तर धर्मात सांगितलेली दावत वलीम्याची, आणि ती मुलाकडची. अब्दुर्रहमान बिन औफ यांचं लग्न झालं तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना वलीमा द्यायला सांगितलं, मग तो एका बकरीचा का असेना. मुलीच्या बापानं बारातीला जेवू घालावं असा हुकूम कुठंही नाही. तो रिवाज आहे. तो आपण स्वखुशीनं पाळतो असं म्हणायचं, आणि त्यासाठी शेत गहाण टाकायचं.

महाराष्ट्रात हा प्रश्न आपल्या आधीही विचारला गेला आहे. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नाही, हुंडा नाही, बडेजाव नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मंडळ काढलं तेव्हा त्याला मुस्लिम सत्यशोधक मंडळ हेच नाव दिलं. दोन्ही ठिकाणी लग्न हा प्रश्न पहिल्याच ओळीत होता, कारण बाईचं पुढचं आयुष्य कसं जाणार हे लग्नाच्या बैठकीत ठरतं.

मोठ्या गर्दीशिवाय लग्न होऊ शकतं हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. मे २०२० मध्ये लग्नाला पन्नासच पाहुणे अशी मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्या काळात घरात, अंगणात, मशिदीत निकाह झाले. त्यातला एकही निकाह कच्चा ठरला नाही. मग बंदी उठली आणि आपण दुप्पट जोमानं लॉन बुक करायला लागलो.

आता मामूंच्या घरी या.

मामूंची धानाची थोडी शेती. दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी डी.फार्म. झालेली, गावात औषधांचं दुकान टाकायचं तिच्या मनात पक्कं. सोयरीक ठरली आणि मामूंनी खर्चाची यादी केली. तालुक्याच्या ठिकाणी लॉन, सजावट, पाचशे माणसांचं जेवण, डीजे, कपडे. बेरीज चार लाख ऐंशी हजार. मामूंजवळ साठवलेले दोन लाख होते. बाकीच्यासाठी एक बांधी गहाण टाकायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मामेबहीण मला फोनवर म्हणाली, "आपा, अब्बू शेत गहाण टाकतील, लोक दोन तास जेवून जातील, आणि उद्या भाऊ म्हणतील, तुझा वाटा तुझ्या लग्नात गेला."

मित्र-मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्ही किती घरांत ऐकलं आहे? सूरह निसामध्ये मुलीचा वारसा ठरवून दिलेला आहे. मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. मामूंच्या घरात मुलांसाठी जे उरेल त्याचे पाच वाटे होतील, त्यातला एक माझ्या मामेबहिणीचा. लग्नाच्या खर्चानं तो वाटा फिटतो असं कुठंही सांगितलेलं नाही. पण आपल्याकडे लग्नाचं बिल हीच मुलीच्या हक्कसोडपत्राची पहिली प्रत असते. बिल जितकं मोठं, तितकं तिला पुढं "मला द्या" म्हणणं जड. भाऊ लबाड असतात असं मी म्हणत नाही. त्यांनी ते कर्ज फेडलेलं असतं, दोन-तीन हंगाम मोडलेले असतात. त्यांच्या मनात तो हिशेब खरोखरच बसलेला असतो.

म्हणून आम्ही ठरवलं की ते कर्जच होऊ द्यायचं नाही.

मामूंचं म्हणणं होतं, "लोक काय म्हणतील? एकुलत्या एक मुलीचं लग्न सांदवाडीत उरकलं!" नानी पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या तिन्ही बहिणींची लग्नं याच घरी झाली. तेव्हा कोणी नाक मुरडलं होतं का?" त्यातली एक बहीण म्हणजे माझी अम्मी. मामू गप्प झाले. राजी व्हायला त्यांना आणखी आठ दिवस लागले, आणि त्यांना राजी केलं ते कागदावरच्या आकड्यांनी.

मुलाकडच्यांशी मामेबहीण आणि मामू दोघांनी मिळून बोलणं केलं. बारातीत साठ माणसं, जहेज नाही, मेहेर रोख, नमाज-ए-जुहरच्या आधी निकाह, असरच्या सुमाराला रुखसती. मुलाचे वडील थोडे नाराज दिसले. मुलगा म्हणाला, "बरंच आहे, आमचाही वलीमा घरीच करू." दोन्हीकडचा खर्च एका वाक्यात खाली आला. दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी हे वाक्य ऐकायची वाट बघत असतं, हे लक्षात ठेवा.

आता आखणी. घरचं लग्न म्हणजे आपोआप होणारं लग्न, असा एक गैरसमज आहे. लॉनवाला पैसे घेतो आणि पंचवीस गोष्टींची काळजीही घेतो. घरी त्या पंचवीस गोष्टी तुमच्या अंगावर येतात. आम्ही त्या एकेक करून लिहिल्या.

पहिली गोष्ट तारीख. आमच्याकडे खरीपाचं धान नोव्हेंबर-डिसेंबरात घरी येतं. त्यानंतर हातात पैसा असतो, माणसं मोकळी असतात, सांदवाडी कोरडी असते. एप्रिल-मेमध्ये विदर्भाचं ऊन मांडवाखाली माणूस बसू देत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, तोही बघावा लागतो. आम्ही जानेवारी २०२३ मधला एक रविवार धरला. वेळ दिवसाची. दिवसाचं लग्न म्हणजे रोषणाई नाही, जनरेटर नाही, रात्रीची थंडी नाही आणि रात्री दहानंतरच्या भोंग्याचा प्रश्नच नाही.

दुसरी जागा. सांदवाडी साठ फूट बाय पंचेचाळीस, म्हणजे २,७०० चौरस फूट. विहीर, झाड, स्वयंपाकाची जागा आणि ये-जा यांचे अकराशे वजा केले. उरले सोळाशे. मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला, वाढायची वाट धरून, वीस चौरस फूट दिले तर एका वेळी ऐंशी माणसं. पाहुणे दोनशे चाळीस. म्हणजे तीन पंगती. हे गणित आधी झालं आणि मग निमंत्रणांची यादी झाली. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी यादी होते, मग ती बसवायला जागा शोधतात.

तिसरं पाणी. पिण्याला आणि हात धुवायला माणशी पाच लिटर, म्हणजे बाराशे. स्वयंपाक आणि भांड्यांना पंधराशे. तीन हजार लिटरची सोय हवी. आमची विहीर आणि शेजारच्या काकूंची विहीर, दोन्ही धरल्या. पंपाची वीज गेली तर म्हणून दोन टाक्या आदल्या रात्रीच भरून ठेवल्या. जेवायला पळसाच्या पत्रावळ्या. त्यानं भांड्यांचं पाणी निम्म्यावर आलं. शिवाय प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच.

चौथं शौचालय. याचा विचार लग्नात कुणी करत नाही आणि त्रास बायकांना होतो. मामूंच्या घरी एक. शेजारच्या तीन घरांना आधीच विचारून ती तीन बायका-मुलींसाठी राखून ठेवली, तिथं बादली, मग, साबण ठेवला आणि वाटेवर कागद चिकटवला. खर्च जवळजवळ शून्य. पण ज्या बाईला सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत लग्नात थांबायचं आहे तिला विचारा, याचं मोल काय ते.

पाचवी आग. घरामागे लग्न करताना सगळ्यात मोठा धोका हा. तणस वाळलेलं असतं आणि एक ठिणगी पुरते. तणसाचा ढीग आम्ही चार दिवस आधी शेतात हलवला. चुली मांडवापासून तीस फुटांवर, वाऱ्याची दिशा बघून. मांडवाला कापड कमी, वर जांभळाच्या ओल्या डहाळ्या. त्या लवकर पेट घेत नाहीत आणि सावलीही चांगली देतात. चुलीजवळ पाण्याचे दोन ड्रम आणि वाळूच्या बादल्या. विजेची तार चुलीवरून न्यायची नाही. आणि आकडा टाकायचा नाही. तो गुन्हा आहे, शिवाय ओल्या जमिनीवर अनवाणी फिरणाऱ्या पोरांच्या जिवाशी खेळ आहे. बाहेरच्या रस्त्यावर एक गाडी आत येईल एवढी वाट दिवसभर मोकळी ठेवली, तुमसरच्या सरकारी रुग्णालयात कुणाला न्यावं लागलं तर.

सहावं जेवण. माणशी सव्वाशे ग्रॅम तांदूळ धरला, तीस किलो झाला. तांदूळ घरचाच, एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे या साध्या शेतकऱ्यानं हे वाण निवडून तयार केलं, हे तुम्हाला माहीत असेलच. बासमती विकत आणला असता तर पैसे गेले असते आणि चव आमची राहिली नसती. कोंबडीचा पुलाव, दालचा, ज़र्दा. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत वरण-भात आणि आलू-वांग्याची भाजी. एकच नियम भिंतीवर लिहिला होता: शिजलेलं दोन तासांच्या आत वाढलं गेलं पाहिजे. म्हणून पुलावाचे तीन डेग एकदम चढवले नाहीत. प्रत्येक पंगतीच्या आधी एक.

आता सातवी गोष्ट, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची. काम कोण करणार?

घरच्या लग्नाची आठवण काढताना आपण हळवे होतो. "पूर्वी कसं सगळे मिळून करायचे!" सगळे म्हणजे कोण? तांदूळ निवडायला बायका, मसाला वाटायला बायका, अंगण सारवायला बायका, आणि शेवटच्या पंगतीत उरलेलं जेवायलाही बायकाच. लॉनमधल्या लग्नाचे पैसे बाप मोजतो. घरच्या लग्नाचे पैसे वाचतात, ते पुष्कळदा आई, काकू, खाला यांच्या पाठीतून वाचतात. असं लग्न स्वस्त असेल, साधं नाही.

म्हणून आम्ही एक तक्ता केला. ऑफिसात आम्ही करतो तसाच. काम कोणतं, किती वाजता, कोण करणार, आणि तो माणूस आला नाही तर कोण. स्वयंपाकाला पैसे देऊन बावर्ची आणि त्याचे तीन मदतनीस. वाढणं पूर्ण पुरुषांकडे. पत्रावळ्या उचलणं, सांदवाडी झाडणं दोन्ही मामेभावांकडे आणि त्यांच्या मित्रांकडे. बायकांच्या नावापुढे एकही राबायचं काम नाही. आणि पहिली पंगत घरच्या बायकांची. मुमानी काही केल्या बसायला तयार नव्हत्या. "पाहुणे उपाशी आणि मी आधी बसू?" धाकट्या मामेभावानं त्यांच्यापुढे पत्रावळ मांडली आणि पुलाव वाढला. या घरात पाच लग्नं त्यांनी काढली होती. गरम जेवण त्यांना पहिल्यांदा मिळालं, हे त्यांनीच नंतर सांगितलं, अगदी सहज, काही विशेष नसल्यासारखं.

शेजाऱ्यांचं सांगते. सांदवाडीचं कुंपण दोन्ही बाजूंनी हिंदू घरांना लागून आहे. विहीर त्यांची वापरली, शौचालय त्यांचं वापरलं, मांडवाचे बांबू त्यांच्याच शेतातले. आठ दिवस आधी मामू आणि मुमानी दोन्ही घरी गेले, आवाज किती वेळ होईल, गाड्या कुठं लागतील, कोणती चूल शाकाहारी, सगळं सांगून आले. लग्नाच्या दिवशी शाकाहारी चुलीवर शेजारच्या काकांनीच देखरेख ठेवली. लॉनमध्ये आपण शेजाऱ्याला पत्रिका देतो. सांदवाडीत आपल्याला त्याची गरज असते, आणि गरज बोलून दाखवली की नातं राहतं. आजच्या दिवसांत याची किंमत मी तुम्हाला सांगायला नको.

आता कागद. इथं जरा सावकाश जाऊ.

मेहेरची गोष्ट नानींपासून सुरू करते. त्यांचं लग्न १९६८ सालचं. मेहेर पाचशे रुपये, तोही उधार. त्या काळी पाचशे रुपयांत दोन तोळ्यांहून जास्त सोनं येत असे. नाना वारले तेव्हा जनाज्याजवळ बायकांनी नानींना सांगितलं, "मेहेर माफ केला म्हण." त्या म्हणाल्या. अशा वेळी कोणती बाई नाही म्हणेल? तुमच्या घरीही हे झालेलं असेल. सूरह निसाच्या सुरुवातीलाच बायकांचा मेहेर खुशीनं देऊन टाका असं सांगितलं आहे. आपण तो देत नाही, मरताना माफ करून घेतो.

इंजिनिअर म्हणून मला यात दोन दोष दिसतात. एक, मेहेर उधार ठेवला, म्हणजे मुअज्जल न करता पुढं ढकलला, की तो कधी द्यायचा याची तारीखच नसते. दुसरा, तो रुपयांत लिहिला की दरवर्षी झिजतो. दोन्हीवर उपाय आपल्या परंपरेतच आहे. मेहेर-ए-फातिमी आपण चांदीत मोजतो. भारतातले बरेच उलेमा तो सुमारे १,५३१ ग्रॅम चांदी धरतात. म्हणजे वजनात लिहिण्याची रीत जुनीच आहे. आमच्या लग्नात मेहेर पंधरा ग्रॅम सोनं लिहिलं, आणि ते निकाहच्या बैठकीतच, साक्षीदारांसमोर, मुलीच्या हातात दिलं. मुलानं वर्षभर पगारातून साठवून ते घेतलं होतं. लॉनच्या वलीम्याला लागले असते ते पैसे इकडं वळले.

दुसरा कागद निकाहनामा. त्यात अटी लिहिता येतात, हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २००५ साली भोपाळला नमुना निकाहनामा जाहीर केला. महिला संघटनांनीही आपापले नमुने तयार केले आहेत. आमच्या निकाहनाम्यात दोन अटी होत्या. मुलगी तिचा व्यवसाय करेल आणि तिची कमाई तिच्या खात्यात राहील. मतभेद झालाच तर आधी दोन्हीकडचे दोन मध्यस्थ बसतील. काझीसाहेबांना मसुदा पंधरा दिवस आधी दाखवला होता. त्यांनी एक शब्द बदलला, बाकी मंजूर केलं. निकाहच्या वेळी तो मराठीत मोठ्यानं वाचला, मुलीच्या बाजूला आणि मुलाच्या बाजूला. लॉनमध्ये डीजे थांबवून, कॅमेरावाल्याला बाजूला सारून हे करता आलं असतं का? वकील आणि गवाह आत गेले, तिला विचारलं, आणि तिचं "कुबूल" बाहेर बसलेल्या आम्हालाही ऐकू आलं.

तिसरा कागद भेटींची यादी. १९६१ चा हुंडाबंदी कायदा मुसलमानांनाही लागू आहे. त्यातून फक्त मेहेर वगळलेला आहे, जहेज नाही. लग्नात स्वखुशीनं मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, कुणी काय दिलं, किंमत किती, आणि सही करायची, असे नियम १९८५ पासून आहेत. आम्ही वहीत ती यादी केली. दहा मिनिटं लागली.

चौथा कागद नोंदणी. धर्म कोणताही असो, लग्नाची नोंद झाली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं आहे. आपल्या राज्यात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. खेड्यात तेव्हा ग्रामसेवक हेच निबंधक होते, मुदत नव्वद दिवसांची. दोघांच्या वयाचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार. निकाहनामा हातात असला तरी पासपोर्ट, बँक, विमा, आणि वेळ आली तर न्यायालय, सगळीकडे हा दाखला कामी येतो. लग्न नदीच्या अलीकडे लागलं, नांदायचं पलीकडच्या राज्यात, तेव्हा तर तो हवाच होता.

आता हिशेब. मांडव आणि दऱ्या बावीस हजार. बावर्ची आणि जेवण चौऱ्याहत्तर हजार. पाणी, भांडी, पत्रावळ्या अकरा हजार. कपडे पस्तीस हजार. काझी, कागद, गाड्या नऊ हजार. किरकोळ अकरा हजार. एकूण एक लाख बासष्ट हजार. मामूंच्या दोन लाखांतून अडतीस हजार उरले. ते त्यांनी मुलीच्या खात्यात टाकले. त्यातून दुकानासाठी फ्रिज आणि मांडण्या आल्या. बांधी गहाण पडली नाही. आणि घरात कुणाच्याही मनात "तुझा वाटा गेला" हे वाक्य तयार झालं नाही.

तुमच्या मनातले दोन आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला: "आपा, आम्हाला सांदवाडी कुठं? आम्ही मोमिनपुऱ्याच्या गल्लीत राहतो." बरोबर आहे. शहरात अंगण ही श्रीमंती आहे. पण मशीद आहे, शाळेचं मैदान आहे, मोहल्ल्याचा छोटा हॉल आहे. वर सांगितलेल्या आखणीतला जागेचा आकडा बदलेल, बाकी काही बदलणार नाही. उलट आज काही घरं 'घरचं लग्न' म्हणून बागेत लाखोंची फुलं लावतात, फोटो काढतात. ते छप्पर नसलेलं लॉनच असतं.

दुसरा: "नातेवाईक तुटतात." आमच्याकडेही दोन घरं आली नाहीत. त्यांना म्हणे पत्रिका उशिरा मिळाली. पण बोलवायचं कुणाला, याचाही एक निकष आपल्याकडे आहे. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात त्याचं जेवण सगळ्यात वाईट, अशी हदीस आहे. आम्ही यादी कापताना बांधीवर राबणारे मजूर कापले नाहीत. कापले ते, ज्यांच्या लग्नाला आपण केवळ तोंड दाखवायला जातो.

शेवटी माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाचं लग्न येत्या वर्षात असेल, कुणाच्या बहिणीचं असेल. हॉलवाल्याला विसार द्यायच्या आधी घरात सगळ्यांना बसवा, मुलीलाही बसवा, आणि तीन प्रश्न विचारा. या पैशातला कोणता भाग कर्जाचा आहे आणि ते कोण फेडणार? मेहेर किती, कशात, आणि कधी दिला जाणार? आणि लग्नाच्या दिवशी घरातल्या बायका किती वाजता जेवणार?

या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की लग्न सांदवाडीत करा, मशिदीत करा, नाहीतर हॉलमध्ये करा, माझी हरकत नाही. माझ्याकडचा तक्ता, निकाहनाम्याचा मसुदा आणि खर्चाची वही आयोजकांकडे देऊन ठेवते. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्या, आपापल्या घराप्रमाणे आकडे बदला.

आता तुमचे प्रश्न विचारा, मुलींनी आधी विचारा.